मामोलीना

मुलांनो,

नाशिक आणि तुरुंग हे दोन शब्द शेजारी शेजारी आले की तुम्हांला काय आठवतं? शाबास! साने गुरुजी आणि 'श्यामची आई'. गुरुजींची आई १९१७ साली वारली आणि तिच्या आठवणी गुरुजींनी लिहून काढल्या त्या १९३३ च्या फेब्रुवारीत, आपल्या नाशिकच्या तुरुंगात. ही गोष्ट तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे, आजीला ठाऊक आहे, आणि मीही वर्गात दरवर्षी सांगते. म्हणून आज ती सांगत नाही.

आज आपण नाशिकहून एस.टी.त बसू आणि सिन्नर, शिर्डी, राहुरी करत नगरला उतरू. आता त्याला अहिल्यानगर म्हणतात, पण आपली गोष्ट १९४० सालची आहे, तेव्हा ते अहमदनगर होतं. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस तिथल्या एका छावणीत बेचाळीस वर्षांचा एक माणूस इंग्रज सरकारच्या कैदेत होता. त्यानं चोरी केली नव्हती. तो सैनिक नव्हता. बॉम्ब करणारा क्रांतिकारकही नव्हता. त्याचा गुन्हा एवढाच, की तो इटलीचा होता. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. १० जून १९४० ला इटली जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरली आणि त्याबरोबर हिंदुस्थानातले इटालियन लोक सरकारच्या लेखी 'शत्रू' झाले. सरकारनं धरपकड केली. त्यात हाही सापडला.

त्याचं नाव मारिओ. आणि त्याची म्हातारी आई त्या वेळी हजारेक किलोमीटरवर, मद्रासजवळच्या अड्यारला होती. तिला तुरुंगात टाकलं नाही, पण अड्यारचं आवार सोडून जायची तिला परवानगी नव्हती. सत्तरीला आलेली बाई, भाषा परकी, मुलुख परका, आणि जो एकुलता एक मुलगा सावलीसारखा बरोबर असायचा तोच नेलेला.

त्या बाईंचं आडनाव तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. पैजेवर सांगते! त्यांचं आडनाव माँटेसरी.

हे आडनाव आहे हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. माझ्या तिसरीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "माँटेसरी म्हणजे काय रे?" एक म्हणाला, "बाई, माँटेसरी म्हणजे छोट्या मुलांची शाळा." दुसरी म्हणाली, "जिथं फी जास्त असते ती." (ही मुलगी पुढं वकील होणार.) तिसऱ्यानं सांगितलं, "माँटेसरी म्हणजे लाकडाची खेळणी." माँटेसरी ही एक बाई होती, तिला आई होती, मुलगा होता, असं काही कुणी म्हणालं नाही. मुलांना तरी का बोल लावा? आमच्या डी.एड.च्या पुस्तकात माँटेसरीबाईंवर एखादं पान असतं : जन्म, मृत्यू, पद्धतीची वैशिष्ट्ये. टीप लिहा, गुण पाच. त्या पानात मारिओ नसतो. म्हणून आज मी त्याची गोष्ट सांगणार आहे.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतल्या किआराव्हाल्ले नावाच्या लहानशा गावातला. ३१ ऑगस्ट ही तारीख लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे. वडील सरकारी नोकरीत. मुलीनं फार शिकावं असं त्यांना वाटत नव्हतं. पण आई, रेनिल्दे, ती मात्र मुलीच्या पाठीशी भिंतीसारखी उभी राहिली. मारियानं हट्टानं डॉक्टर व्हायचं ठरवलं. आता गंमत बघा. माणसाचं शरीर आतून कसं असतं हे शिकायला डॉक्टरांना प्रेत कापून बघावं लागतं. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर एका मुलीनं उघडं शरीर कसं बघायचं, अशी पंचाईत! मग मारियानं काय करायचं? सगळे घरी गेले की संध्याकाळी एकटीनं त्या खोलीत जायचं आणि प्रेतांच्या संगतीत अभ्यास करायचा. तुमच्यापैकी किती जणी करतील? त्यांनी केला. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या अगदी पहिल्या मोजक्या स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक.

पहिलं काम मिळालं ते मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांबरोबर. त्या काळी अशा मुलांना वेड्यांच्या इस्पितळात कोंडून ठेवत. खेळायला काही नाही, हाताला काही काम नाही. डॉक्टरीणबाईंनी त्या मुलांच्या हातात वस्तू दिल्या : घडवायला, जोडायला, हात फिरवायला. त्यातली काही मुलं चक्क लिहायला-वाचायला शिकली आणि शहाण्यासुरत्या मुलांच्या सरकारी परीक्षेत पास झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र विचारात पडल्या. ही मुलं एवढं करू शकतात, तर धडधाकट मुलं आमच्या शाळांत बसून एवढीच कशी राहतात? (हा प्रश्न ऐकून आम्हां शिक्षकांनी अजूनही थोडं अस्वस्थ व्हायला हरकत नाही.)

मग आलं ६ जानेवारी १९०७. रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले की लहान मुलं चाळीभर धिंगाणा घालत, भिंती खराब करत. इमारतीच्या मालकांनी ठरवलं, की या पोरांना एका खोलीत बसवावं. त्यांना शिक्षणाचं काही पडलं नव्हतं, भिंती वाचवायच्या होत्या! पन्नासेक मुलं गोळा झाली. रडकी, घाबरलेली, कळकट. त्या खोलीचं नाव 'मुलांचं घर', आणि ती सांभाळायला बोलावलं डॉक्टर माँटेसरींना.

तिथल्या गोष्टी सांगायला बसले तर अंक पुरायचा नाही. एकच सांगते. एकदा बाईंनी मुलांना नाक कसं शिंकरायचं ते शिकवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता, कुणाला किळस न येता नाक कसं पुसायचं. हसू नका! शिकवून संपलं आणि मुलांनी काय करावं? नाटक संपल्यावर वाजवतात तशा कडाडून टाळ्या वाजवल्या. बाई चक्रावल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. या मुलांना 'शेंबडा' म्हणून आजवर सगळ्यांनी हिणवलं होतं. रुमाल कसा वापरायचा हे मात्र कुणीच शांतपणे दाखवलं नव्हतं. आज पहिल्यांदा कुणी तरी त्यांना माणसासारखं वागवलं होतं.

आणखी एक मुलगी होती, तीनेक वर्षांची. तिच्यापुढं लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात लहानमोठी गोल भोकं, आणि त्या भोकांत बरोब्बर बसणारे दट्टे. ती दट्टे काढी, मिसळी, पुन्हा लावी. काढी, पुन्हा लावी. बाईंनी बाकीच्या मुलांना मोठ्यानं गाणं म्हणायला लावलं तरी हिचं लक्ष हलेना. चाळीसहून जास्त वेळा तिनं ते केलं आणि मग झोपेतून उठल्यासारखी हसत थांबली. 'मुलांचं चित्त थाऱ्यावर नसतं' असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना तेव्हापासून बाईंनी एकच सांगितलं : त्याच्या हाताला त्याचं काम द्या, आणि मग मध्ये मध्ये करू नका.

दोन-चार वर्षांत बाईंचं नाव जगभर झालं. त्यांचं पुस्तक भराभर दुसऱ्या भाषांत गेलं. १९१५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात तर चक्क काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला होता. आत मुलं काम करताहेत आणि बाहेर माणसांची झुंबड!

आणि या सगळ्या वेळात मारिओ कुठं होता?

इथं गोष्ट जरा अवघड आहे. आई-बाबांनी जवळ बसून वाचली तर बरं. मारिओचा जन्म ३१ मार्च १८९८ चा. त्याचे वडील बाईंच्याच बरोबर काम करणारे एक डॉक्टर. त्या दोघांचं लग्न झालं नाही. लग्न न झालेल्या बाईला मूल होणं म्हणजे त्या काळच्या इटलीत सगळं संपलंच. नोकरी गेली असती, डॉक्टरी गेली असती, आणि कुणी त्यांच्या हवाली स्वतःचं मूल केलं नसतं. मग घरच्यांनी ठरवलं, की कुणाला कळू द्यायचं नाही. मारिओला रोमबाहेर खेड्यातल्या एका कुटुंबात ठेवलं. पुढं वसतिगृहाच्या शाळेत. अधूनमधून एक छान बाई त्याला भेटायला येत, त्याच्याशी बोलत आणि निघून जात. ही आपली आई, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे बघा, मुलांनो. सान लोरेन्झोच्या पन्नास मुलांचं नाक पुसणं सुरू होतं तेव्हा त्यांचं स्वतःचं मूल नऊ वर्षांचं होतं आणि परक्या घरी वाढत होतं. खरं सांगू? हे वाचते तेव्हा मला बाईंचा राग येतो. मग वाटतं, की ज्यांनी त्यांच्यापुढं 'मूल की काम' असा प्रश्न टाकला, त्यांचा राग मला आधी यायला हवा. मारिओच्या वडिलांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. ते डॉक्टर राहिले, पुढं त्यांनी दुसऱ्या बाईशी लग्नही केलं. तुमच्या आई-बाबांशी याबद्दल बोला. त्यांचं मत माझ्यापेक्षा वेगळं असलं तरी चालेल.

१९१२ च्या डिसेंबरात बाईंची आई रेनिल्दे वारली. मुलीला डॉक्टर करणारी ती आई. पण मारिओची गोष्ट झाकून ठेवा असा आग्रहही घरातूनच होता. ती गेली आणि दुसऱ्याच वर्षी, मारिओ पंधरा वर्षांचा असताना, असं झालं म्हणतात : शाळेची मुलं सहलीला गेली होती. तिथं एक मोटार येऊन थांबली. आत त्या नेहमीच्या बाई. मारिओ सरळ मोटारीपाशी गेला आणि म्हणाला, की तुम्ही माझी आई आहात हे मला ठाऊक आहे, आणि मला तुमच्याबरोबर यायचंय. बाई काही बोलल्या नाहीत. तो मोटारीत बसला.

त्यानंतर पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांची फारशी ताटातूट झाली नाही. पण जगाला सांगताना मारिओ कधी 'भाचा' असायचा, कधी 'दत्तक मुलगा'. आणि याच बाईंना त्यांचे जवळचे विद्यार्थी काय म्हणत माहीत आहे? 'मामोलीना'. इटालियन भाषेत मामा म्हणजे आई. मामोलीना म्हणजे आईगं, आईडी, असं काहीसं लाडाचं नाव. सगळे त्यांना आई म्हणत होते, आणि ज्याची ती आई होती तो लोकांपुढं भाचा होता!

इटलीत पुढं मुसोलिनीचं राज्य आलं. सुरुवातीला त्यानं बाईंच्या शाळांना मदत केली. पण त्याला हवे होते हुकूम मानणारे शिपाई, आणि बाईंच्या शाळेत तयार होत होती आपल्या डोक्यानं चालणारी मुलं. हे किती दिवस जमणार? १९३४ साली बाईंनी इटली सोडली आणि तिथल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. जर्मनीत हिटलरनं आधीच त्यांच्या शाळांना कुलूप लावलं होतं. स्पेनमध्ये गेल्या, तर १९३६ साली तिथं यादवी युद्ध. मग हॉलंड. म्हातारपणी एवढी बिऱ्हाडं हलवणं काही सोपं नाही. आपण भाड्याचं घर बदललं तर चार दिवस डबे सापडत नाहीत.

हिंदुस्थानात मात्र त्या येण्याआधीच त्यांचं नाव पोचलं होतं. १९३१ साली लंडनला गांधीजी आणि माँटेसरीबाई भेटले होते. बाईंच्या प्रशिक्षण वर्गात गांधीजींनी भाषणही केलं. आणि गुजरातेत, भावनगरला, गिजुभाई बधेका नावाचे एक वकील बाईंची पुस्तकं वाचून वकिली सोडून बालमंदिर चालवायला लागले होते. गिजुभाईंच्या भरघोस मिशा आणि मुलांवरची माया पाहून लोक त्यांना म्हणत 'मिशाळी आई'! त्यांच्याबरोबर काम करत होत्या आपल्या ताराबाई मोडक. दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पण नशीब बघा, गिजुभाई १९३९ च्या जूनमध्ये वारले आणि माँटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या त्याच वर्षाच्या अखेरीस.

त्यांना बोलावलं होतं अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीनं. म्हणजे जॉर्ज अरुंडेल आणि 'कलाक्षेत्र' काढणाऱ्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी यांनी. काही महिने शिक्षकांचा वर्ग घ्यायचा आणि परत जायचं, असा बेत. वर्गाला देशभरातून तीनशेच्या आसपास शिक्षक आले. झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात वर्ग भरे. बाईंना इंग्रजी फारसं बोलता येत नसे. त्या इटालियन भाषेत एक वाक्य बोलत, शेजारी उभा मारिओ ते इंग्रजीत सांगे. पुन्हा एक वाक्य, पुन्हा मारिओ. म्हणजे मारिओ हा नुसता मुलगा नव्हता, तो बाईंचा आवाज होता. सरकारनं मारिओला नेलं तेव्हा काय झालं असेल, ते आता तुमच्या लक्षात आलं ना?

आणि यातला विचित्रपणाही लक्षात घ्या. इटलीच्या हुकूमशहाशी पटलं नाही म्हणून ज्यांनी देश सोडला, त्यांनाच इंग्रजांनी 'इटालियन' म्हणून शत्रू ठरवलं. सरकारी कागदावर माणूस कधी कधी असा दिसतो. मारिओची चार मुलं त्या वेळी हॉलंडमध्ये होती, आणि हॉलंड जर्मनांनी घेतलेलं. मुलगा नगरच्या छावणीत, नातवंडं शत्रूच्या मुलखात, आणि आजी अड्यारला.

आणि मग ती तारीख आली. ३१ ऑगस्ट १९४०. बाईंचा सत्तरावा वाढदिवस. त्या दिवशी त्यांना व्हाइसरॉयची तार आली. व्हाइसरॉय म्हणजे हिंदुस्थानातला इंग्रजांचा सगळ्यांत मोठा अधिकारी. तारेत म्हटलं होतं, की तुमच्या सत्तराव्या वाढदिवसाला काय भेट द्यावी याचा आम्ही पुष्कळ विचार केला, आणि तुमचा मुलगा तुम्हांला परत देण्याहून चांगली भेट आम्हांला सुचली नाही.

तारेतला एक शब्द पुन्हा वाचा. भाचा नव्हे, दत्तक नव्हे. 'मुलगा.' बेचाळीस वर्षं जो शब्द चारचौघांत उच्चारला गेला नव्हता, तो व्हाइसरॉयच्या तारेतून आला! मारिओ नगरहून सुटला आणि अड्यारला आईपाशी गेला. दोन महिने, फक्त दोनच महिने तो कैदेत होता. पण मला नेहमी वाटतं, नगरच्या त्या छावणीनं आई-मुलांचं एक जुनं नातं परत केलं. नगरच्या मुलांनी हे अभिमानानं सांगायला हरकत नाही, अर्थात छावणी इंग्रजांची असली तरी.

युद्ध संपेपर्यंत बाईंना हिंदुस्थान सोडता आला नाही. ठरवलेल्या काही महिन्यांची जवळजवळ सात वर्षं झाली. मद्रासचा उन्हाळा सोसेना म्हणून त्यांना कोडाईकनालच्या डोंगरावर राहायची परवानगी मिळाली. तिथं त्या आणि मारिओ मुलांना घेऊन रानावनात हिंडत. पानांचे आकार बघ, डबक्यातले जीव बघ, मुंग्या काय करतात बघ. पृथ्वी कशी झाली, पाणी काय काम करतं, किडा कुणासाठी राबतो, हे सगळं एकमेकांत कसं गुंतलेलं आहे हे थोड्या मोठ्या मुलांना कसं सांगायचं, त्याचा पाया त्यांनी इथं घातला. आज जगभरच्या माँटेसरी शाळांत सहा ते बारा वर्षांच्या मुलांना जे शिकवतात, त्यातलं पुष्कळसं आपल्या देशातल्या त्या डोंगरावर सुचलेलं आहे. नजरकैदेतून असंही काही निघतं.

१९४६ साली त्या युरोपला गेल्या, १९४७ साली पुन्हा आल्या आणि १९४९ मध्ये परत गेल्या. हजारावर भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

आता तुम्ही विचाराल, बाई, ही लाकडी खेळणी महाग. आपल्या गावच्या बालवाडीत ती कुठून येणार? हाच प्रश्न ताराबाई मोडकांना पडला होता, आणि माझ्या मते त्यांचं उत्तर मूळ पद्धतीइतकंच मोलाचं आहे. १९४५ साली त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, बरोबर तरुण अनुताई वाघ. पुढं कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झालं. मुलं वारल्यांची. घरी खायची पंचाईत, मग शाळेत कोण येणार? ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, म्हणून 'अंगणवाडी'! गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळा गेली कुरणात : 'कुरणशाळा'. परदेशी ठोकळ्यांऐवजी बिया, शिंपले, गारगोट्या, पानं. मोजायचं, जुळवायचं, लहानमोठं लावायचं, ते सगळं यांच्यावर. माँटेसरीबाईंचं म्हणणं तेच, फक्त त्याला मातीचा वास आला. १९७५ साली सरकारनं देशभर बालविकासाची योजना सुरू केली तेव्हा केंद्रांना नाव मिळालं 'अंगणवाडी'. तुमच्या धाकट्या भावंडाला रोज खिचडी मिळते ती त्याच नावाच्या घरात. ताराबाई ते बघायला नव्हत्या. त्या वारल्या १९७३ साली, तारीख ३१ ऑगस्ट. माँटेसरीबाईंचा वाढदिवस.

एक खेळ सांगते, घरी करून बघा. माँटेसरीबाईंचाच आहे. सगळ्यांनी डोळे मिटून अगदी चूप बसायचं. घड्याळाची टिकटिक, नळाचं ठिबकणं, लांबची रिक्षा, स्वतःचा श्वास ऐकू यायला हवा. मग आईनं पलीकडच्या खोलीत जाऊन एकेकाचं नाव अगदी हळू, कुजबुजत घ्यायचं. ज्याचं नाव येईल त्यानं पाय न वाजवता उठून तिच्याकडं जायचं. माझ्या वर्गात बेचाळीस मुलं आहेत आणि ती या खेळात जितकी गप्प बसतात तितकी मी छडी घेतली असती तरी बसली नसती. सगळ्यांत शेवटी ज्याचं नाव येतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आपलं नाव येणार आहे याची खात्री असते, पण वाट बघून बघून जीव टांगणीला लागलेला असतो.

६ मे १९५२. हॉलंडमध्ये समुद्रकाठच्या नूर्डवेक गावी बाई मुक्कामाला होत्या. वय एक्क्याऐंशी. बागेत मारिओ आणि त्या बोलत बसल्या होत्या. आफ्रिकेतून बोलावणं होतं, तिथं शिक्षक तयार करायचे होते. बाईंना जायचं होतं. मारिओ म्हणाला, की आता तुम्हांला एवढा प्रवास झेपायचा नाही, तुमच्या वतीनं दुसरं कुणी तरी जाईल. त्यावर बाईंनी विचारलं म्हणतात, की म्हणजे मी आता काही कामाची राहिले नाही का? तासाभरात त्या गेल्या.

पुरलं त्यांना तिथंच, त्या गावच्या चर्चच्या दफनभूमीत. जिथं मरण येईल तिथंच पुरा, अशी त्यांची इच्छा होती. थडग्यावर इटालियन भाषेत जो मजकूर आहे त्यात त्यांनी मोठ्यांना काहीच सांगितलेलं नाही. त्यांनी मुलांना विनवलं आहे : तुम्ही काहीही करू शकता, तर माणसांत आणि जगात शांतता आणायच्या कामात माझ्याबरोबर या. पुढं इटलीनं त्यांचं चित्र आपल्या हजार लिराच्या नोटेवर छापलं. ज्या देशानं घालवून दिलं त्याच देशाच्या नोटेवर! १९९० मध्ये ती नोट निघाली, आणि युरो हे नाणं आल्यावर लिराच गेला.

मारिओला आईकडून नोटा मिळाल्या नाहीत. त्याला एक शब्द मिळाला. बाईंचं मृत्युपत्र वाचलं गेलं, त्यात त्यांनी आपलं सगळं काम आणि जे काही होतं ते मारिओच्या स्वाधीन केलं होतं, आणि त्याच्या नावाआधी लिहिलं होतं : 'माझा मुलगा'.

मारिओ तेव्हा चौपन्न वर्षांचा होता. पुढची तीस वर्षं, १९८२ मध्ये तो वारला तोपर्यंत, त्यानं आईनं काढलेली संस्था चालवली, गावोगाव जाऊन शिक्षकांशी बोलला. ॲमस्टरडॅमला त्या संस्थेच्या घरात बाईंची अभ्यासाची खोली जपून ठेवलेली आहे.

आता तुमचं काम. तुमच्या घरात, वाड्यात किंवा गल्लीत अशी एखादी आजी, काकू, शेजारीण असेल, की जिला तिची स्वतःची सोडून दुसरीही मुलं 'आई' म्हणतात. तिला विचारा, कोण कोण म्हणतं आणि कधीपासून. आणि तिच्या स्वतःच्या मुलांना काय वाटतं तेही विचारा, ते विसरू नका! एका पानात लिहा, नाव, इयत्ता आणि शाळा घालून पाठवा. शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण कापणार नाही.

तुमची,
बाई